वीस वर्षांहून जास्त काळ अल्बम नाही, तरी फ्रान्सचा सगळ्यात लाडका माणूस: गोल्डमान हे प्रकरण नेमकं काय आहे

फ्रान्समधे रविवारचा एक पेपर आहे, तो अधूनमधून सर्व्हे छापतो की देशातली सगळ्यात आवडती पन्नास माणसं कोण. त्यात फुटबॉलवाले असतात, नट असतात, एक अंतराळवीरही असतो, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत त्या यादीत पुन्हा पुन्हा पहिला नंबर काढणारा माणूस आहे गायक-गीतकार झां-झाक गोल्डमान. आता गंमत बघा, या माणसाचा स्वतःचा शेवटचा अल्बम आला २००१ मधे, शेवटची टूर झाली २००२ मधे, त्यानंतर मुलाखती जवळपास बंद, टीव्हीवर दर्शन नाही, मधली काही वर्षं तर तो लंडनला राहायलाच निघून गेला होता. गप्प बसून पहिला नंबर! आपल्याकडे चार महिने रील टाकलं नाही तर लोक विसरतात.

याचं उत्तर बहुतेक जण 'जुन्या आठवणी' असं देतात, ऐंशीच्या दशकातली पोरं आता पन्नाशीची झाली, त्यांना आपलं कॉलेज आठवतं वगैरे. थोडं खरं आहे ते. पण मग त्याच काळातले बाकीचे स्टार का नाहीत त्या यादीत? मला वाटतं गोल्डमानचं करिअर समजून घ्यायचं असेल तर आधी एक गोष्ट सुटी करून बघावी लागते, ती म्हणजे शब्द लिहिणं, चाल लावणं आणि गाणं ही तीन वेगळी कामं आहेत. आपल्या भावगीतात आणि सिनेमात ती बहुतेक वेळा तीन वेगळी माणसं करतात म्हणून आपल्याला हे सांगावं लागत नाही, फ्रान्समधे मात्र तिन्ही एकट्याने करणाऱ्याला फार मान, आणि गोल्डमान तिन्ही करायचा. फक्त त्याने पहिली दोन कामं जन्मभराची मानली आणि तिसरं, म्हणजे स्टेजवर उभं राहून गाणं, हे जमेल तितके दिवस करायचं काम मानलं. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं आपोआप जागेवर बसतं.

तर जन्म ११ ऑक्टोबर १९५१, पॅरिस. घर ज्यू. वडील पोलंडमधल्या लुब्लिनचे, आई जर्मनीतल्या म्युनिकची, दोघंही आपापला देश सोडून फ्रान्समधे आलेले, आणि वडील युद्धात नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होते. एक सावत्र भाऊ, पियेर, कडवा डावा कार्यकर्ता, त्याच्यावर दरोड्याचे आणि खुनाचे खटले चालले, खुनाच्या आरोपातून दुसऱ्या खटल्यात १९७६ ला सुटला आणि १९७९ मधे पॅरिसच्या रस्त्यावर भरदिवसा त्याला गोळ्या घातल्या. म्हणजे घरात राजकारण, इतिहास, मरण, सगळं जवळून बघितलेलं. आणि हा पोरगा काय करतो, तर लील शहरात जाऊन बिझनेस स्कूलची डिग्री घेतो आणि घरच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर उभा राहतो. मोंरूजला, पॅरिसला लागूनच. बूट, जर्सी, टेनिसच्या रॅकेट. मला या दुकानाचं फार कौतुक आहे, कारण त्याच्या गाण्यांतली माणसं बघितली ना की वाटतं, ही सगळी दुकानात येऊन गेलेली गिऱ्हाइकं आहेत.

गाणं मात्र लहानपणापासून होतंच. व्हायोलिन शिकला, मग चर्चच्या एका गॉस्पेल ग्रुपमधे वाजवलं (ज्यू घरातला मुलगा चर्चच्या ग्रुपमधे, हो), मग सत्तरच्या दशकात ताई फाँग नावाच्या बँडमधे गेला, जो दोन व्हिएतनामी भावांनी काढलेला होता आणि इंग्रजीत लांबलचक रॉक गाणी करायचा. १९७५ मधे त्यांचं 'सिस्टर जेन' चाललं पण जोरात. पण बँड टूरला निघाला की गोल्डमान म्हणे मी येत नाही, दुकान आहे, संसार आहे. शेवटी त्याच्या जागी बँडने वेल्समधला एक गिटारवाला घेतला, मायकल जोन्स, आणि हा जोन्स पुढे गोल्डमानचा आयुष्यभराचा जोडीदार झाला! ज्याने जागा घेतली त्याच्याशीच दोस्ती. शिवाय गोल्डमानला फ्रेंचमधे लिहायचं होतं आणि बँडला इंग्रजीच हवं होतं, मग तो बाहेर पडला.

पहिला सोलो अल्बम १९८१ चा. त्याला नाव द्यायचं होतं 'आउट ऑफ फॅशन' अशा अर्थाचं, कंपनी म्हणाली पहिल्याच रेकॉर्डवर असलं काही नको, मग अल्बम नुसत्या त्याच्या नावाने निघाला. आणि इथे नशीब म्हणा की टायमिंग म्हणा, त्याच वर्षी मितराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि सरकारने खासगी एफएम स्टेशनांना कायदेशीर परवानगी दिली. त्याआधी रेडिओ म्हणजे सरकारी, नाहीतर सीमेपलीकडून सिग्नल पाठवणारी दोन-चार मोठी स्टेशनं, आणि तिथे कोणाचं गाणं लागणार हे मोजकी माणसं ठरवायची. आता एकदम गल्लोगल्ली स्टेशनं उघडली, ती चालवणारी पोरं विशीतली, त्यांना दिवसभर लावायला नवीन गाणी पाहिजेत, आणि इकडे एक माणूस गिटारवर, उंच पट्टीत, जीव तोडून फ्रेंचमधे गातोय. मग १९८४ च्या नोव्हेंबरात टीव्हीवर 'टॉप ५०' सुरू झालं, म्हणजे पहिल्यांदाच खऱ्या विक्रीच्या आकड्यांवरून दर आठवड्याची यादी. जे लोकांना आवडतं पण पेपरवाल्यांना आवडत नाही ते आता आकड्यात दिसायला लागलं. गोल्डमानसाठी हे फार मोठं होतं. १९८५ ला जोन्सबरोबरचं 'झ त दॉन', अर्धं फ्रेंच अर्धं इंग्रजी, आठवड्यांमागून आठवडे एक नंबरला बसून राहिलं.

आता एक गाणं जरा जवळून बघू, म्हणजे हा माणूस लिहितो कसं ते कळेल. १९८२ च्या अल्बममधलं 'कॉम त्वा', अर्थ 'तुझ्यासारखी'. सुरुवात व्हायोलिनने. एका छोट्या मुलीचा फोटो आहे, फिकट डोळे, मखमलीचा फ्रॉक, शेजारी आई, फोटो काही फार चांगला आलेला नाही पण संध्याकाळचं सुख दिसतंय. मुलगी शाळेत जाते, तिला शूमान आणि मोझार्ट आवडतात, बाहुली आवडते, मैत्रिणी आहेत, आणि एक मुलगा आहे ज्याच्याशी ती पुढेमागे कदाचित वॉर्सात लग्न करेल. तिचं नाव सारा, आठसुद्धा पूर्ण नाहीत. आणि मग एकच ओळ येते की दुसऱ्या कोणीतरी वेगळं ठरवलं होतं. बस. गाण्यात नाझी हा शब्द नाही, ज्यू नाही, छावणी नाही, युद्ध नाही. सगळं गाणं समोर झोपलेल्या आपल्या मुलीला सांगितल्यासारखं, की ती तुझ्याच वयाची होती, फक्त तुझ्यासारखी इथे आणि आत्ता जन्मली नाही. हा फोटो त्याने आईच्या अल्बममधे बघितला होता. वॉर्सा म्हटल्यावर (तिथल्या ज्यूंना नाझींनी कोंडून मारलं) ऐकणाऱ्याच्या डोक्यात जे पेटतं ते पेटू द्यायचं, आपण काही बोलायचं नाही, ही त्याची पद्धत. शब्द इतके साधे की फ्रेंच शिकणाऱ्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना वर्गात हेच गाणं देतात.

आणि नेमका हाच साधेपणा टीकाकारांना झोंबला.

हे समजायला फ्रान्समधली एक जुनी जातिव्यवस्था माहीत पाहिजे. तिकडे गाण्याचे दोन वर्ग आहेत. एक 'शाँसाँ', म्हणजे ब्रासाँस, ब्रेल, फेरे यांची परंपरा, तिथे शब्द म्हणजे कविता, गाणारा म्हणजे कवी, त्यावर पुस्तकं निघतात. दुसरं 'व्हारिएते', म्हणजे टीव्हीवरची, लग्नात वाजणारी, सुपरमार्केटमधे ऐकू येणारी गाणी, याच्याकडे बघून शहाण्यांनी नाकं मुरडायची असतात. गोल्डमान पडला मधे. विषय शाँसाँचे, निर्वासित, एकटी आई, झोपडवजा सरकारी बिल्डिंगांतला शिकू पाहणारा मुलगा, बाल्कनीत कबुतरांना पाव टाकत बसलेली म्हातारी जिला दुसरं कोणीच नाही, पण चाली मात्र रॉकच्या, ठेका नाचायचा, आणि ऐकणाऱ्या सगळ्या शाळा-कॉलेजातल्या पोरी. डाव्या पेपरांना तो फार गोडगोड वाटला, रॉकवाल्यांना फार सभ्य. त्याच्यावर काय काय लिहिलं गेलंय, आवाज बारीक, गाणी पोकळ, हा माणूस म्हणजे शून्य, या लेव्हलचं.

त्याने काय केलं? १९८५ च्या शेवटी पॅरिसमधे हाउसफुल कॉन्सर्ट झाल्यावर पेपरात चक्क पैसे देऊन जाहिरातीची जागा विकत घेतली आणि त्यात स्वतःवरच्या सगळ्यात घाणेरड्या टीका एकाखाली एक छापल्या, आणि खाली प्रेक्षकांचे आभार मानले, तुम्ही स्वतः ऐकून ठरवलंत म्हणून. एक शिवी नाही, एक खुलासा नाही. मला विचाराल तर ऐंशीच्या दशकातला हा सगळ्यात भारी पीआर आहे, आणि बहुतेक त्याला तो पीआर वाटलाच नसेल, राग होता तो. पण परिणाम असा झाला की ऐकणाऱ्यांना वाटलं हा आपल्या बाजूचा माणूस आहे, आणि ते नातं कधी तुटलं नाही.

त्याच हिवाळ्यात दुसरी एक गोष्ट घडली. कोल्यूश नावाचा विनोदी नट, भयंकर लोकप्रिय, त्याने सप्टेंबर १९८५ मधे रेडिओवर सांगून टाकलं की गरिबांना हिवाळ्यात फुकट जेवण देणारी कँटीनं काढायची, आणि मग गोल्डमानला गाठून म्हणाला की आम्हाला एक हिट गाणं पाहिजे, तुला जमतं ते. गोल्डमानने लिहून दिलं, गायला उभे राहिले ईव्ह माँताँ, नटी नाताली बे, फुटबॉलचा मिशेल प्लातिनी आणि स्वतः कोल्यूश, म्हणजे गाता येणारे आणि अजिबात न येणारे सगळे. गाण्याचे हक्क गोल्डमानने त्या कँटीनांच्या संस्थेलाच देऊन टाकले. कोल्यूश पुढच्याच वर्षी जूनमधे मोटरसायकलच्या अपघातात गेला, पण संस्था राहिली, आज वर्षाला दहा कोटींहून जास्त जेवणं वाटते, आणि १९८९ पासून तिच्यासाठी गायक मंडळींचा जो कार्यक्रम होतो त्याचा कणा तीसेक वर्षं गोल्डमान होता. यादीतल्या पहिल्या नंबरामागे याचा फार मोठा वाटा आहे असं मला वाटतं. अल्बम नसला तरी दर हिवाळ्यात टीव्हीवर, घोळक्यात, एका कोपऱ्यात गिटार घेऊन तो दिसायचा.

१९८७ चा डबल अल्बम आणि त्यातलं 'ला-बा', 'तिकडे दूर', हे माझं सगळ्यात आवडतं. एक माणूस सांगतोय की मला परदेशी जायचंय, इथे सगळं आधीच ठरलेलं आहे, जन्मावरून तुझं काय होणार ते ठरतं, तिकडे नशीब काढता येईल. आणि एक बाई सांगत्येय, जाऊ नकोस, तिकडे वादळं आहेत, माझं काय. दोघंही बरोबर. गाणं निकाल देत नाही. (गल्फला गेलेला माणूस ज्या घरात आहे तिथे हे गाणं भाषांतर करून ऐकवा, कोणी काही बोलणार नाही पाच मिनिटं.) बाईच्या आवाजासाठी त्याला कोणी स्टार नको होता, तर पॅरिसच्या मेट्रोमधे गाणारी सिरिमा नावाची मुलगी मिळाली, वडील श्रीलंकेचे, आई फ्रेंच. गाणं तुफान गाजलं. दोन वर्षांनी, तिचा स्वतःचा पहिला अल्बम येऊन थोडेच दिवस झालेले, तिच्या जोडीदाराने तिचा खून केला. पंचवीस वर्षांची होती.

मग १९९० ला याने अजून एक विचित्र काम केलं, ऐन भरात असताना स्वतःचं नाव एकट्याने लावणं बंद केलं आणि त्रिकूट काढलं. गोल्डमान, जोन्स आणि कॅरोल फ्रेडरिक्स, अमेरिकेतली काळी गायिका, ब्लूजवाला ताज महाल हा तिचा सख्खा भाऊ (हो, आग्र्याचंच नाव). त्यांचं एक गाणं आहे, मी १९१७ साली जर्मनीतल्या लायडनश्टाटमधे जन्मलो असतो तर मी नाझींच्या विरोधात उभा राहिलो असतो का? गाव काल्पनिक आहे, प्रश्न नाही. पुढे जोन्स विचारतो मी बेलफास्टमधे, कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडणात, वाढलो असतो तर, आणि कॅरोल, जी स्वतः काळी, ती विचारते मी वर्णभेदाच्या जोहान्सबर्गमधे गोरी आणि श्रीमंत जन्मले असते तर. ज्याच्या बापाने नाझींविरुद्ध लढा दिला तो माणूस स्टेजवर उभा राहून म्हणतोय की मला खात्री नाही माझी. टीकाकार काहीही म्हणोत, हे पोकळ नाही.

आता जरा पैशाचं गणित, कारण त्याशिवाय पुढचा भाग कळणार नाही. १८४७ मधे पॅरिसच्या शाँझेलिझेवरच्या एका कॅफेत एर्नेस्त बूर्झे नावाचा गीतकार साखरेचं पाणी पीत बसला होता आणि बँड त्याचीच गाणी वाजवत होता. बिल आल्यावर तो म्हणाला, तुम्ही माझ्या गाण्याचे पैसे देत नाही, मी पाण्याचे देत नाही. प्रकरण कोर्टात गेलं, तो जिंकला, आणि त्यातून १८५१ मधे 'सासेम' ही संस्था उभी राहिली, जी आजही फ्रान्सभर हॉटेलं, रेडिओ, सलून, डिस्को सगळीकडून गाण्यांचे पैसे गोळा करून वाटते. गाणं रेडिओवर वाजलं की साधारण एक तृतीयांश शब्द लिहिणाऱ्याला, एक तृतीयांश चाल लावणाऱ्याला आणि एक तृतीयांश प्रकाशकाला, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला. गाणाऱ्याला यातलं काहीच नाही! १९८५ च्या कायद्याने गायक-वादकांना रेडिओवरच्या वाजण्याचा वेगळा मोबदला मिळायला लागला, पण लेखकाचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं चालतात. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क लिहून घेता येणार नाही अशी तरतूद कायद्यात यायला २०१२ उजाडलं, जावेद अख्तरांनी राज्यसभेत बाजू लावून धरली तेव्हा, त्यामुळे आपल्याला हे जरा अजबच वाटतं. थोडक्यात, गोल्डमानने शब्दही लिहायचे, चालही लावायची आणि प्रकाशनाची कंपनी भावाबरोबर घरचीच. त्यामुळे गायचं थांबलं तरी घरात चूल पेटत राहणार होती, आणि कोणाच्या दबावाखाली नवीन अल्बम काढायची गरज नव्हती. गप्प बसणं परवडावं लागतं, हे कोणी फारसं सांगत नाही.

म्हणून मग त्याची दुसऱ्यांसाठीची गाणी बघायला पाहिजेत, तिथे खरा माणूस दिसतो. १९८६ ला जॉनी हालिदेसाठी अख्खा अल्बम. जॉनी म्हणजे तिकडचा रॉकचा देव, चामड्याचं जाकीट, मोठा घोगरा आवाज, गोल्डमानच्या अगदी उलट, आणि तरी गाणी अशी बसली की पुढची तीस वर्षं जॉनीच्या प्रत्येक शोमधे ती होती. १९९३ ला पात्रिसिया कास या गायिकेला एक गाणं दिलं ते खोट्या नावाने, सॅम ब्रूस्की म्हणून, कारण स्वतःचं नाव फार झालं होतं.

आणि १९९५ ला सेलिन दिओन. टायटॅनिकचं गाणं गायच्या आधीची, पण इंग्रजीत स्टार झालेलीच. तिच्याकडे आवाज म्हणजे काय विचारता, आणि प्रत्येक ओळीत तो सगळा वापरायची सवय. गोल्डमानने तिला सांगितलं, कमी गा. ओळ आधी बोलल्यासारखी म्हण, वर जायचं ते एकदाच जा. 'पुर क त्यु मेम आँकोर' ऐका, सुरुवातीला ती जवळजवळ पुटपुटते, आणि म्हणून शेवटी आवाज उघडतो तेव्हा अंगावर येतं. तो अल्बम जगभर कोटीच्या आसपास गेला, फ्रेंच भाषेतला सगळ्यात जास्त खपलेला अल्बम, आणि ते गाणं इंग्लंडमधेसुद्धा टॉप टेनमधे गेलं, फ्रेंचमधे असून.

पुढच्या वर्षी 'आयशा'. हे तुम्ही ऐकलेलं असायची दाट शक्यता आहे. खालेद, अल्जेरियाचा, ज्याच्या 'दीदी'वर नव्वदीत आपल्याकडच्या वराती नाचल्यात, त्याचं हे गाणं गोल्डमानचं आहे. शब्द फ्रेंच, शेवटाकडे अरबी कडवं. एक माणूस आयशाला दागिने, मोती, सोनं, सगळं देऊ करतो, आणि ती म्हणते तुझं सगळं ठेव तुझ्याकडे, मला तुझ्याइतकेच हक्क पाहिजेत आणि रोजचा मान. पोलिश-जर्मन ज्यू आईबापांच्या मुलाने लिहिलेलं, अल्जेरियन मुस्लिम गायकाने गायलेलं, त्या वर्षी फ्रान्सचं सर्वोत्तम गाणं ठरलं. पुढे डेन्मार्कच्या पोरांनी, त्यातला एक पाकिस्तानी घरातला, इंग्रजीत करून ते पुन्हा गाजवलं. यातल्या किती जणांना मूळ गीतकाराचं नाव माहीत आहे? त्याला चालतं ते.

मग २००१, शेवटचा अल्बम, प्रत्येक गाणं वेगळ्या नाचाच्या ठेक्यावर, मजेत केलेला. त्याच वर्षी जूनमधे कॅरोल फ्रेडरिक्स सेनेगलमधल्या डाकारला कॉन्सर्टनंतर अचानक वारली. २००२ ची टूर झाली आणि दुकान बंद. निरोपाचा शो नाही, घोषणा नाही. दुसऱ्यांना गाणी देणं चालू राहिलं, हिवाळ्यातला तो कार्यक्रमही चालू होता, २०१५ ला त्यातल्या एका गाण्यावरून तरुणांना उपदेश करता का म्हणून वाद झाला आणि २०१६ ला तिथूनही बाहेर पडला. २०१२ मधे नव्या गायकांनी त्याची गाणी गाऊन अल्बम काढले, प्रचंड खपले, काढणाऱ्यांत त्याचा मुलगा होता तरी याने स्वतः त्यापासून अंतर ठेवलं. २०२३ ला एका नामवंत इतिहासकाराने त्याच्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं, याने मुलाखत दिली नाही, पुस्तक तरी बेस्टसेलर. एकदाच, मार्च २०२० च्या लॉकडाउनमधे, घरातून गिटार घेऊन जुन्या गाण्याचे शब्द बदलून डॉक्टर-नर्स-सफाईवाल्यांसाठी व्हिडिओ टाकला आणि परत गायब.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर आधी 'आयशा', कारण चाल ओळखीची निघेल, मग सेलिनचं ते गाणं हेडफोन लावून, मग 'ला-बा' आणि 'कॉम त्वा' शब्दांचं भाषांतर समोर ठेवून. लायडनश्टाटवालं सगळ्यात शेवटी. आणि त्याचा आवाज पहिल्यांदा कानाला जरा टोचेल, बारीक आणि ओढलेला वाटेल, टीकाकार त्या बाबतीत अगदीच चुकीचे नव्हते, तिसऱ्या गाण्यापर्यंत सवय होते.